शेवट न वाचनाऱ्या बाई

“बास. आता इथंच ठेवू.”

असं म्हनून बाई पुस्तकात गोडनिंबाची, म्हंजे कढीपत्त्याची, डहाळी घालत, पुस्तक मिटत आन् शेगडीकडे चालू लागत. इकडे आमचा जीव टांगलेला. गोष्टीतली पोरगी नदीकाठी उभी हाये, मांगून मानसं येऊन राह्यली, नावाडी येते का नाई पत्ता नाई, आन् बाई खुशाल वरन ढवळून राह्यल्या!

तुमी म्हनसान, उद्या वाचत असतीन. नाई. उद्या नाई, परवा नाई, कधीच नाई. बाईच्या फळीवरची पुस्तकं तुमी पाह्यली असती तं तुमाले हसू आलं असतं. सारी रांगेनं उभी, आन् एकूनएक पुस्तकातून, शेवटाच्या थोडं अलीकडे, वाळली डहाळी बाहेर डोकावे. जशी काई पुस्तकाले शेपटीच फुटली.

मी शिकलेली नाई. आमचा तांडा दारव्ह्यापासून कोसभर. माहा नवरा विहीर खोदाच्या कामावर गेलता, वरून दरड बसली, तो तथंच राह्यला. दोन लेकरं पदरात. सासू म्हने, रडू नको, पोट्टे पाहून राह्यले. नाई रडली. रानात जाऊन तरोटा, चिवळ, कुंजर, काटवलं, जे भेटन ते टोपल्यात घालाचं आन् दारव्ह्यात घरोघर इकाचं. आपला मुलूख नागपूरच्या कारभारातून मुंबईच्या राज्यात गेला, त्या सालची ही गोष्ट. कचेरीवाल्याईच्या बदल्याच बदल्या होऊन राह्यल्या होत्या. अशाच बदलीत बाई दारव्ह्याले आल्या. त्याईचा नवरा, सायेब, कचेरीत कारकून.

पह्यल्या दिवशी बाईनं टोपल्यातली एक एक भाजी उचलून नाकाले लावली. घेनारी बाई भाव करते, हे वास घेऊन राह्यली.

“ही कशी करतात गं?”

“कांदा, मिरची, लसन. पह्यले उकडून पानी फेकाचं, नाईतं कडू लागते.”

“आत ये. दारातून कशी सांगशील?”

मी नाई गेली. कचेरीवाल्याईच्या चुलीजवळ तांड्यातली बाई जात नव्हती. आपल्या इज्जतीनं राहावं. बाई म्हने, “बरं. मग मीच बाहेर येते.” आन् पेटली शेगडी दोन्ही हातानं उचलून आंगनात आनली! पदराले निखारा लागता लागता राह्यला. तवापासून बाईचा दुपारचा सैपाक आंगनातच. शेजारनी नाकं मुरडत. बाईले त्याचं काई नाई.

भिंतीपल्याड खाला राहे. तिच्या नवऱ्याचं सायकलचं दुकान. खालाचा बाप उर्दू किताबा वाचून दाखवे, म्हनून तिले सारे किस्से पाठ. फोडनीचा वास भिंतीवरून गेला का खालाचं डोकं वर येई.

“क्या बाई, आज क्या पक रहा? और पोरगी का क्या हुआ?”

मंग भिंतीवरून पुदिन्याची जुडी येई, तिच्या मांगून खाला येई. आमी तिघी. बाई वाचत, खाला मसाला वाटे, मी भाजी निवडो. पुस्तकाचं बोलनं कुठं सरलं आन् सैपाकाचं कुठं लागलं, ते आमालेच समजत नव्हतं. गोष्टीतली सासू सुनेले छळे, तं खाला म्हने, “इस बुढिया का पेट साफ नहीं होता. इसको तरोटा खिलाव.” बाई हसत हसत चालत. हो, चालत. बसून वाचलेलं मी पाह्यलंच नाई. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात पळी, तुळशीपासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून तुळशीपर्यंत. पुस्तकाले हळदीची बोटं. वाचनालयातला मानूस एकदा म्हने, “बाई, तुमी पुस्तकं वाचता का फोडनी देता?” तवापासून बाईनं तथची पुस्तकं बंद केली, आपलीच मांगवत.

खालाले दावतीचे किस्से आवडत. “जिस किताब में दावत नहीं, वो क्या किताब?” म्हने. बाईले घर सोडून गाडीत बसनाऱ्या बायांच्या गोष्टी आवडत. आन् तुले गं, झमकू? असं बाईनं इचारलं, तं मी म्हनलं, “कोनी गेलेलं वापस येते, ते गोष्ट मले पाह्यजे.” दोघीईले माहा नवरा आठवला. मी त्याच्यासाठी नाई म्हनलं. मले आवडे म्हनून म्हनलं.

पन शेवट? शेवट नाई. “बास. आता इथंच ठेवू.” मंग आमीच शेवट लावत बसो. खालाच्या शेवटात सारे नातेवाईक जेवाले बसत. माह्या शेवटात हरपलेला मानूस सांजच्याले दारात उभा राहे. बाई आयकत, आन् आपल्या झाडाईले पानी देत. झाडं म्हंजे राकेलच्या डब्यात लावलेली. ओवा, पुदिना, सांबार म्हंजे कोथिंबीर, गोडनिंब, सारं डब्यात. मी म्हनलं, “बाई, एवढं मोठं आंगन हाये. गोडनिंब जमिनीत काहून नाई लावत? डब्यात त्याचा जीव गुदमरते.”

“डबा उचलता येतो गं,” बाई म्हने.

एक दिवस खाला बिथरली. नदीकाठच्या पोरीचं पुस्तक होतं. चारच पानं बाकी आन् बाईनं डहाळी हातात घेतली. खालानं पुस्तकावर हात ठेवला. “आज खतम करो. नहीं तो मैं ये चली. ये कोई तरीका है? कबसे पोरगी पानी में पाय टाकून खडी है, निमोनिया होईन तिले!”

मी हसली. बाई नाई हसल्या. चालता चालता थांबल्या, तोंड एवढंसं झालं.

“संपवलं की बदली येते,” बाई म्हने.

आमाले समजलं नाई. मंग बाईनं सांगतलं, उभ्या उभ्या, पळी हातात धरून. पुसदले होते तवा दुपारी एक पुस्तक सरवलं, सांजच्याले सायेब बदलीचा कागद घेऊन आले. दुसऱ्या गावी तसंच. पुस्तक सरलं, कागद आला. तवापासून बाईनं शेवट वाचाचा सोडला. “वेडेपणा आहे, मला कळतं. पण मला आता कुठं जायचं नाही. पुसदला माझी मुलगी राहिली.”

“कोनापाशी?” मी इचारलं. वाटलं, आजीपाशी असन.

“नदीपाशी. दोन उंबर आहेत, त्यांच्या मधे. नुकती बोलायला लागली होती. तिला तिथं ठेवलं, आणि महिनाभरात गाव सोडलं. एकदा पाठ फिरवली की परत जाणं होत नाही गं. इथून निदान पुसदची मोटार तरी दिसते.”

खालानं पुस्तकावरचा हात काढला.

मले याडीचं आठवलं. आमी आईले याडी म्हनतो. मी सांगतलं, “बाई, आमचे म्हातारे बैलावर मीठ लादून मुलूखभर फिरत. तांडा चालता, थांबता येत नव्हतं. वाटेत कोनाचं लेकरू गेलं तं तथं दगड ठेवत आन् म्होरं जात. मंग कोनाचाही तांडा त्या वाटेनं आला का दगडावर हिरवा पाला टाके. आपलं लेकरू असो का दुसऱ्याचं. याडी म्हने, पाला टाकला का लेकराले समजते, वाट चालू हाये.”

बाईचं वरन करपलं, त्या दिवशी खाली लागल्याचा वास पुऱ्या गल्लीत.

माही मावसबहीन पुसदकडे होती, दिवाळीच्या मांगून तिच्या वावरात कापूस येचाले मी गेली. जाताना बाईच्या डब्यातली गोडनिंबाची डहाळी तोडून नेली, ओल्या फडक्यात गुंडाळून. नदीकाठी इचारत इचारत फिरली. लोकाईले वाटलं, मी येडी हाये. वापस आली तवा बाई दारातच उभ्या.

“ठेवली,” मी म्हनलं.

“दोन्ही उंबर आहेत?”

खोटं सांगता आलं असतं. “एकच हाये. एक पडला. पन आजूबाजूले अजून लहान लहान दगड झाले, बाई. पोरगी एकटी नाई.”

बाई आंगनात बसल्या. मातीतच, पाटबिट न घेता. माह्या टोपल्यातली चिवळ जवळ घेतली आन् निवडाले लागल्या. एक एक काडी. पुरी जुडी सरली तरी उठल्या नाई. त्या बाईले मी बसलेलं पाह्यलं, ते तवा पह्यल्यांदा.

दुसऱ्या दिवशी गोडनिंब डब्यातून काढला आन् भिंतीजवळ जमिनीत लावला. खड्डा मी खोदला, पानी खालानं घातलं. दुसऱ्या सालापर्यंत झाड भिंतीवरून खालाच्या घरात वाकून पाहाले लागलं. खाला म्हने, “मेरे जैसाच है, झाँकू!” पुस्तकं येत राह्यली, शेवटाआधी डहाळ्या पडत राह्यल्या. आमाले वाटलं, आता बाई इथच्याच.

आन् एकही पुस्तक न सरता कागद आला.

आमी तिघी आंगनातच होतो. सायेब कचेरीतून भर दुपारी आले, हातात कागद. भला मानूस, जोरात बोलनंही नाई. “खानदेशात,” एवढंच म्हनले.

बाई म्हने, “पण मी तर एकही संपवलं नव्हतं.”

सायेबाले काय समजन! “काय संपवलं नव्हतं?” म्हने. बाई गोडनिंबाकडे पाहून राह्यल्या.

जायाच्या दिवशी मी लवकर गेली. सामान बांधलेलं. शेगडीही पोत्यात गेलती, म्हनून त्या दिवशी आतली चूल पेटवली होती. बाई म्हने, “झमकू, आता तरी आत ये. बाहेर न्यायला माझ्याकडे काही राहिलं नाही.” मी गेली. पाय धुऊन गेली. चुलीजवळ बसली, खाला बाजूले. आन् बाई पेटीवर बसल्या, पुस्तकांची चळत मांडीवर घेतली आन् एकामांगून एक साऱ्याईचे शेवट वाचाले लागल्या. आता लपवून काय फायदा?

तुमाले सांगू? शेवट काई खास नव्हते. खालाचा तं संतापच झाला. “बस, इतनाच? इसके वास्ते हमको लटका के रखा? मेरे वाले शेवट अच्छे थे!” डोये पुसे आन् बाईसंग भांडे. बाई हसत, एक एक डहाळी काढून परातीत टाकत. वाळल्या डहाळ्याईचा ढीग झाला. सैपाकाले बाकी काई उरलं नव्हतं, दाळ तेवढी होती. मी त्या साऱ्या डहाळ्या चुरून फोडनीत टाकल्या. गोडनिंबाचा वास काई उरला नसन, पन चुरचुरीत लागल्या. तिघी एकाच परातीत जेवलो. असं जेवन मी मंग लग्नातही जेवली नाई.

एक पुस्तक बाईनं उघडलं नव्हतं. नदीकाठच्या पोरीचं. ते माह्या हातात देल्लं.

“हे तू ठेव. कोणाकडून वाचून घेऊ नकोस.”

“मले कुठं वाचता येते, बाई?”

“म्हणूनच तुला देते. मी परत आले की बसून वाचू.”

छोटी आगगाडी हालली तवा बाई खिडकीत बसल्या नव्हत्या. दारात उभ्या होत्या, पायाजवळ ओव्याचा आन् पुदिन्याचा डबा. गोडनिंब मांगं राह्यला, तो आता डब्यात मावत नव्हता.

बाई आल्या नाई. सुरुवातीले मी गाडीच्या टायमाले ठेसनावर भाजी इकाले बसो. बाकीच्याईले वाटे, तथं गिऱ्हाईक लय. मंग पोट्टे मोठे झाले, वावरातलं काम वाढलं, ते जानं बंद झालं. खाला वारली. बाईच्या घरी दुसरे लोक आले, त्याईनं आंगनात भिंत बांधाले झाड तोडलं. मले समजलं तवा धावत गेली, मुळातून फुटलेलं रोप उपटून तांड्यात आनून लावलं. आता ते घराइतकं उंच हाये.

नात शाळेत जाते. घडाघडा वाचते. पुस्तक काढते आन् माह्या मांगं लागते. “आजी, चारच पानं राह्यली हायेत. वाचू का?”

बाई माह्यापेक्षा मोठ्या होत्या, आन् माहेच पाय आता मसनाकडे वळले. मले समजते सारं. आन् खरं सांगू, जीव माहाही थाऱ्यावर नसते. त्या पोरीचं काय झालं, मांगून येनारे पोहोचले का, पानी वाढलं का, कापूस येचता येचता हेच मनात येते.

परवाही नातीनं पुस्तक उघडून धरलं. मी हातातून घेतलं. जुनी डहाळी चुरून गेलती, ते झटकली. आंगनात जाऊन गोडनिंबाची हिरवी डहाळी तोडली, त्याच जागी ठेवली आन् पुस्तक मिटलं.

“आजी, सांग ना. नावाडी येते का?”

“येत असन,” मी म्हनलं. “तू चुलीकडे पाह्य. दाळ खाली लागून राह्यली.”