पहिली पोळी

आयटीतली नोकरी पक्की झाल्यावर मी विश्रांतवाडीच्या घरी आईच्या स्वयंपाकघराचं काम काढलं. जुना ओटा फोडला आणि आम्ही तिघं रोज कोपऱ्यावरच्या हॉटेलात जेवू लागलो. वडील तिथल्या प्रत्येक भाजीला नावं ठेवत आणि वाटी मात्र लख्ख करत.

पहिल्या दिवशी आई समोरच्या फुलक्याला हातच लावेना. आमची जेवणं होईपर्यंत थांबायची तिची सवय.

"अगं, इथे कोणाला वाढायचंय तुला? खा ना!" मी वैतागून म्हणालो.

तिने फुलका मोडला. आतून वाफ निघाली.

"केवढा गरम आहे," ती म्हणाली आणि हसली. मी माझा फुलकाही तिच्या ताटात सरकवला. दुसऱ्या दिवसापासून ती आमच्या आधी जेवायला सुरुवात करू लागली.

नवा ग्रॅनाइटचा ओटा झाला. त्यावर केलेली पहिली पोळी आईने तव्यावरून थेट स्वतःच्या ताटात घेतली, गॅस बारीक केला आणि आमच्या शेजारी येऊन बसली.

"मग पुढची कोण लाटणार?" वडिलांनी विचारलं.

"हॉटेलात कधी विचारलंत?"

वडिलांनी रिकाम्या तव्याकडे बघितलं. मग बाह्या दुमडत ते उठले. त्यांच्या मागोमाग मीही.