एकसष्ट सह्यांचं पत्र

लेशेक मूर्ख नव्हता, हे आधी सांगते. इंग्लंडातल्या आमच्या स्पॉल्डिंगमध्ये हल्ली जो तो हळहळतो, 'बिचारा, त्याला कळलंच नाही.' कळलं नाही कसं? गावातल्या निम्म्या पोलिश लोकांना त्यानंच तर कळवलं होतं!

इंग्रजांनी युरोपशी काडीमोड घेतला, तेव्हा फर्मान निघालं की इथं राहायचं तर नव्यानं अर्ज करा, अमुक तारखेच्या आत. अर्ज फोनवरून. आमच्यातल्या अर्ध्यांच्या फोनला पासपोर्ट वाचता येईना, तर या बाबानं पदरचे पैसे घालून नवा फोन आणला. दोन वर्षं दर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये बसायचा. फुलांच्या पॅकिंगमध्ये आठवडाभर उभं राहून सुजलेले पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकायचे, लिंबाचा चहा घ्यायचा आणि एकेकाला पुढे बोलवायचं.

"हसू नकोस रेनाता, फोटो आहे. सरकारला दात दाखवायचे नसतात."

"काका, तुमचा स्वतःचा भरला का?" रेनातानं एकदा विचारलं होतं.

"मला कशाला?" लेशेकनं पाकिटातून निळं कार्ड काढलं. २०१३ साली मिळालेलं, कायमच्या वास्तव्याचं, वर शिक्का. "हे बघ. शिक्का आहे. तुमचं ते फोनमधलं, हवेतलं. उद्या फोन पाण्यात पडला की तुम्हीही पाण्यात."

सगळे हसले. मीही हसले. आम्ही वाढलो त्या पोलंडमध्ये शिक्क्याशिवाय शेंगदाणासुद्धा मिळत नसे, तेव्हा शिक्का खोटा ठरेल हे डोक्यात येणार कुणाच्या? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तारीख गेली. तीन वर्षं काही झालं नाही. मग फुलांची कंपनी विकली गेली, नव्या मालकानं सगळ्यांचे त्या फोनवरच्या परवान्याचे नंबर मागितले. ऑफिसातल्या पोरीनं निळं कार्ड उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "हे आता चालत नाही." त्याच दिवशी लेशेकला घरी बसवलं. एकोणीस वर्षांची नोकरी, आणि साधा 'बसा' म्हणून चहासुद्धा नाही.

उशिरा अर्ज करता येत होता, पण उशिराचं कारण पटायला हवं. मी म्हटलं, "लिही, आजारी होतो. लिही, माहीत नव्हतं."

"खोटं लिहू? एवढ्या लोकांना बजावलंय मी, खोटं लिहू नका म्हणून."

"मग बस हरिश्चंद्र होऊन!" मी भडकले. शेवटी त्यानं फक्त एवढंच लिहिलं की जुनं कार्ड पुरेसं आहे असं वाटलं. मला ते फारच लंगडं वाटलं. आणि मग मी शहाणीनं माझी अक्कल पाजळली.

आमच्याकडे माणूस अडला की त्याच्या चालचलणुकीचं पत्र लागतं. नोकरीला, घराला, तुरुंगातून सुटायला. कारखान्याचं नाहीतर पाद्र्याचं. मी फादर वाल्देमारना गाठलं, पत्र लिहून घेतलं, खाली गोल शिक्का मारून घेतला. 'लेशेक सज्जन आहेत. मुदत संपण्याआधी त्यांनी दोन वर्षं झटून आमचे सर्वांचे अर्ज भरून दिले.' पहिली सही माझी. मग दारोदार फिरले. एकसष्ट सह्या! लेशेकनं पत्र वाचलं आणि डोळे पुसले. म्हणाला, "डोरोता, एवढं कुणी माझ्यासाठी केलं नव्हतं."

चार महिन्यांनी नकार आला. त्यात आमचं पत्र होतं, शब्दन् शब्द. ज्या माणसानं इतरांचे अर्ज मुदतीत भरले त्याला मुदत आणि नियम ठाऊक होते, सबब गैरसमजाचं कारण मान्य नाही. मी ते तीनदा वाचलं. माझ्याच हातानं त्याच्या पायावर धोंडा घातला होता मी.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. रविवारी चर्चबाहेर रेनातानं मला बाजूला घेतलं. "त्या पत्रातून माझं नाव काढता येईल का गं? मला पोरं आहेत." तिच्यामागे आणखी तिघं उभे होते, त्याच कामासाठी.

"लाज नाही वाटत?" मी ओरडले. "त्यानं अर्ज भरले म्हणून इथं उभे आहात! थू तुमच्या जिण्यावर!" माझा आवाज आत फादरपर्यंत गेला असणार.

दुसऱ्या दिवशी लेशेक माझ्या स्वयंपाकघरात बसला होता. फुकट सल्ला देणारी एक वकीलबाई होती, तिला त्याच्यासाठी मी फोन लावला. ती म्हणाली, अजून एक वाट आहे, पण वर्ष लागेल, तोवर काम करता येणार नाही. आणखी काही विचारायचंय का?

मी म्हटलं, "त्या पत्रावर पहिली सही माझी आहे. माझ्यावर तर काही येणार नाही ना?"

तोंडातून निघून गेलं. ती म्हणाली, नाही, तुमच्यावर काही नाही. मी फोन ठेवला. वर बघवेना.

"बरोबर विचारलंस," लेशेक म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट. "आधी स्वतःचं बघावं माणसानं."