फोटोकडं तोंड, पाय आडवे

शिरूरला मी होतो जेमतेम दीड वर्ष, पण किस्से जमलेत दहा वर्षांचे. पुण्याला परत आल्यापासून कट्ट्यावर एक सांगायला घेतला की त्याच्या मागून दुसरा येतो, दुसऱ्याच्या मागून तिसरा, आणि सगळ्यांचे चहा गार. मित्र विचारतात, "तू नोकरीला गेला होतास की बँडमध्ये?" खरं सांगू का राव, नोकरीतलं मला फारसं काही आठवतच नाही.

आधी माणसं सांगतो, म्हणजे घोळ नको. मी बावीस वर्षांचा, मार्केट यार्डाजवळच्या एका ऑफिसात क्लार्क. गावात कुणी ओळखीचं नाही, खोली मिळाली ती गेनूमामांच्या भिंतीला भिंत लागून. गेनूमामा लष्कराच्या बँडमध्ये साईड ड्रम वाजवून रिटायर झालेले, आणि आता वस्तीतल्या बँडचे मास्तर. पहिल्याच आठवड्यात मी कंटाळून खिडकीच्या फळीवर बोटांनी ताल धरून बसलो होतो, तर पलीकडून आवाज आला, "पुणेकर, चुकतंय. उद्या सकाळी नदीला या."

झाली माझी भरती. नामदेव, किसन, स्वतः मामा आणि मी, असे चार ड्रम.

मामांच्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट होती. त्यांची आई दौंडला असायची. आदल्या चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत बँड तिकडे वाजवायला गेला. चौकात ट्रॉलीवर फोटो ठेवलेला, आणि बँड आपला त्याच्यासमोरून नाकासमोर बघत सरळ निघून गेला, सगळे बँड जातात तसा. म्हातारीनं घरी आल्यावर लेकाला पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणाली, "ज्याच्यामुळं ताठ चालाय लागला, त्याच्याफुडनं तोंड फिरवून जाता व्हय रं?"

ते मामांना लागलं. त्यांनी ठरवलं की पुढच्या जयंतीला चौकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चारही ड्रम फोटोकडं तोंड ठेवून जाणार. म्हणजे छाती समोर आणि पाय आडवे. लष्करात शिकले होते ते. मला म्हणाले, "एवढं जमलं तरच आईच्या दारात जानार, न्हाईतर चौकातनंच माघारी."

*

उन्हाळ्यात घोडनदीचं पाणी एका कडेला जातं, बाकी सगळी वाळू. आमची प्रॅक्टिस त्या वाळूत. डावा पाय उजव्याच्या पुढून टाकायचा, मग उजवा बाहेर काढायचा, पुन्हा डावा पुढून. भार चवड्यावर. कंबर वळली की ड्रम वळला, आणि ड्रम वळला की ओळीचा सत्यानाश.

मला वाटायचं, मामांनी वाळू निवडली ती गावातली पोरं हसू नयेत म्हणून. कसलं काय. आमचं चालून झालं की मामा पाठीवर हात बांधून उमटलेल्या पावलांवरून फिरायचे, तलाठी सातबारा वाचतो तसे.

"ह्यो किसन. टाच टेकलीया, म्हंजी दमलाय. ह्यो नामदेव, ह्याला घाई फार. आन् हितं, पुणेकर…" ते थांबले, वाकून बघितलं. "हितं तुमाला घरची आठवन आली."

तिथं मला खरंच आमच्या आईच्या हातचं पिठलं आठवलं होतं. त्या दिवसापासून माझं जेवण मामींकडे.

*

आता माझी पँट. पुण्याहून शिवून आणलेली बेलबॉटम होती, खाली चोवीस इंची घेर. लक्ष्मी रोडवर लोक वळून बघायचे. पण डावा पाय उजव्याच्या पुढून टाकायचा म्हटलं की एका पायाचा घेर दुसऱ्यात अडकायचा, आणि मी ड्रमसकट वाळूत. एकदा नाही, सलग तीनदा.

मामांनी मला उठवलं, वाळू झटकली, पँटकडे जरा वेळ बघितलं आणि शांतपणे विचारलं, "ही एकट्याचीच हाय का?"

घरी आल्यावर मामींनी काही न विचारता कात्री आणली. मी हातापाया पडलो. उपयोग शून्य. दोन्ही बाजूंचं कापड कापून पँट सरळ करून दिली, आणि उरलेल्या कापडाची झकास पिशवी शिवली. ती बाजाराला निघाली की किसन मुद्दाम ओरडायचा, "पुणेकर, तुमचा पाय चालला की भाजी आनाया."

*

तरी माझी कंबर काही स्थिर राहीना. मामा समजावून समजावून थकले. एक दिवस मला म्हणाले, "चला, तुमाला दुसरा मास्तर दावतो," आणि घेऊन गेले कुठं, तर गल्लीच्या नळावर.

आमची गल्ली इतकी अरुंद की कुणी सायकल लावली तर माणूस अडायचा. मामी डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, काखेत घागर घेऊन आल्या, सायकलीपाशी पोचल्या आणि भिंतीकडं पाठ करून आडव्या सरकल्या. डावा पाय पुढून, उजवा बाहेर, डावा पुढून. थेंब सांडला नाही हो!

"मी अठरा वर्सं लष्करात शिकलो," मामा म्हणाले, "ही नळावर शिकली."

मामी तिथूनच म्हणाल्या, "बघत काय हुबं ऱ्हायलाय? सायकल काढा ती आधी."

सायकल मामांची होती.

*

एकदा लागली की ही चाल सुटत नाही. ऑफिसात रॅकच्या मधून रजिस्टरं नेताना मी नकळत आडवा चालायला लागलो, तोंडानं ताल चालूच. आमच्या साहेबांनी चष्म्यावरून दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी हळूच टेबलाशी बोलावून बाटली हातात दिली. "आमच्या हिनं दिलंय तेल. कमरेला चोळत जा. या वयात दुर्लक्ष करू नका."

इतक्या मायेनं म्हणाले की मला खरं सांगवेना. तेल घेतलं, आभार मानले आणि टेबलापर्यंत सरळ चालत गेलो. साहेब खूश. "बघा," म्हणाले, "नुसत्या बाटलीनंच फरक पडला."

*

कवठे येमाईला लग्नात वाजवायला गेलो, तेव्हा मामांनी ठरवलं की इथं ट्रायल घेऊ. मांडवाच्या दारात नवरदेवाकडं तोंड ठेवून आडवं जायचं. आता यात एक नियम आहे. ओळ ज्या बाजूला सरकते, त्या कडेचा माणूस हा ओळीचा डोळा. मान त्यानंही वळवायची नाही, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून वाट बघायची. पुढं अडचण दिसली तर ड्रमच्या कडेवर स्टिक दोनदा मारायची, की सगळे जागच्या जागी. बाकीच्यांनी फक्त विश्वास ठेवायचा.

त्या दिवशी कडेला नामदेव. आणि नामदेव बघत बसला करवल्यांकडे.

तो सरळ म्हशींच्या हौदात उतरला. गुडघाभर पाणी! पण ओळ मोडायची नाही हे मामांनी इतकं ठोकून डोक्यात भरवलेलं की गडी पाण्यात उभा राहून वाजवत राहिला. आम्हीही जागच्या जागी वाजवतोय. शेजारी म्हैस शांतपणे पाणी पितेय.

ट्रायल बाहेरून बघायला थांबलेले मामा कपाळाला हात लावून उभे होते, तेवढ्यात नवरीचे वडील, गावातले मोठे बागायतदार आप्पा, गर्दीतनं वाट काढत आले. आम्हाला वाटलं, आता काढतात सगळ्यांना.

"मास्तर," आप्पा म्हणाले, "ते पाण्यातलं परत एकदा होऊ द्या. पाव्हन्यांनी बघितलं न्हाई."

*

आणि आता दौंड.

जयंतीच्या चार दिवस आधी मामांचा गुडघा सुजला. साहेबांच्या तेलाची अख्खी बाटली संपवली, सूज तशीच. दौंडला एसटीतून उतरताना त्यांना नामदेवानं आणि मी धरलं. चौकात पोचल्यावर त्यांनी ड्रमचा पट्टा गळ्यातून काढला आणि म्हणाले, "तिघंच जा. कडेला पुणेकर."

मी म्हणालो, "मामा, मी?"

"तुमी. आन् घरची आठवन आता नगं."

चौक गच्च भरलेला. मध्ये ट्रॉलीवर फोटो, झेंडूचे हार. लोकांनी समोर वाट मोकळी ठेवली होती. मी, माझ्या डावीकडे किसन, पलीकडे नामदेव. चार ठोके पडले आणि आम्ही निघालो. डावा पुढून, उजवा बाहेर. छाती फोटोकडे. मागचे लोक टाचा उंचावून बघायला लागले, कारण असं त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. अर्धा चौक गेला. पाऊण गेला.

आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं, बरोबर आमच्या वाटेत एक म्हातारी स्टुलावर बसलीय. पांढरं पातळ, हात मांडीवर. चेहरा थेट मामांचा, म्हणजे मामांची आईच. आम्ही नीट येतो की नाही ते बघायला टोकाजवळ येऊन बसली होती.

पाच पावलं राहिली. दोन ठोके मारले तर ओळ थांबणार, मग वर्षभराचं सगळं पाण्यात. न मारले तर म्हातारीला धडक. तीन पावलं. मी स्टिक ड्रमच्या कडेकडे नेली.

तशी म्हातारी उठली. कुणीतरी घाईनं स्टूल ओढून घेतलं. तिनं फोटोकडं तोंड केलं, हात जोडले, आणि आमच्या तालावर आडवी निघाली. डावा पाय पुढून, उजवा बाहेर. मी तिच्या खांद्याला खांदा लावून. चौकाच्या टोकापर्यंत चौघं गेलो, एकाचंही तोंड फिरलं नाही.

मामा लंगडत येऊन पोचले. म्हातारीनं त्यांच्याकडं बघितलंच नाही. दम खात खात ती माझ्याकडं वळली.

"जरा हळू वाजवा की रं," म्हणाली, "वळीत म्हातारं मानूस हाय."