उत्तरेतली संकष्टी

आई अलास्कात आली त्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याचं काम राज्याच्या पार उत्तरेच्या राष्ट्रीय उद्यानात चालू होतं. जमिनीखाली जी माती कधीच वितळत नाही, तिचं तापमान तो मोजत असे. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती ती. त्या उद्यानात रस्ता नव्हता, पायवाट नव्हती, फाटकही नव्हतं. लहान विमान नदीकाठच्या गोट्यांवर उतरवायचं आणि दुसऱ्या दिवशी ते परत येईल या भरवशावर राहायचं. विमानात दोन जागा रिकाम्या होत्या, म्हणून आई आणि मीही गेलो.

नऊवारीवर माझा जाड कोट आणि पायांत रबरी बूट, अशी आई गोट्यांवर उतरली. चारी बाजूंना डोंगर होते. झाड एकही नव्हतं. तिनं आधी नदीला हात जोडले.

"इथं कोण राहतं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही, आई. अस्वलं आणि लांडगे," नवरा म्हणाला.

"मग एवढं सांभाळून कोणासाठी ठेवलंय?"

तो तंबूचे खुंट ठोकायला लागला.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. आईच्या हिशेबाने आम्ही दुपारी विमानात बसणार, संध्याकाळी घरी पोचणार आणि चंद्र उगवला की ती उपास सोडणार. हा उपास तिनं मी मॅट्रिकच्या वर्गात गेले तेव्हा धरला होता. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं दार पाहिलं नव्हतं. पोरगी शिकावी म्हणून तिच्या हातात जे होतं ते तिनं केलं. मी पदवीधर झाले, लग्न झालं, इकडे येऊन चार वर्षं झाली, तरी तिचा उपास चालूच होता. त्या दिवशी सकाळी तिनं सवयीने मधुमेहाची गोळी घेतली आणि वर चहा नि एक केळं.

दुपारी धुकं उतरलं. डोंगरांचे माथे दिसेनासे झाले. विमान येणार नव्हतं, हे सांगायला कोणी असण्याची गरजही नव्हती.

संध्याकाळ घड्याळात झाली. बाहेर दुपारसारखाच उजेड होता. धुकं थोडं वर सरकलं तेव्हा आई तंबूबाहेर येऊन बसली आणि आभाळ न्याहाळू लागली. तिचे हात थरथरत होते. कपाळावर घाम होता, त्या थंडीत.

"जावईबापू, चंद्र कुठल्या बाजूला निघतो इथं?"

मी म्हणणार होते की तो धुक्याआड आहे. गावी श्रावणात ढग असले की कॅलेंडरमधली वेळ पाहून सगळे जेवतातच. पण माझा नवरा पुण्याच्या प्राध्यापकांच्या घरातला. विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं वहीत काहीतरी मांडून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"आई, आज इथं चंद्र उगवतच नाही."

"ढग आहेत म्हणून?"

"ढग नसते तरी नाही. उन्हाळ्यात सूर्य खाली जात नाही ना, तसा पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र वर येत नाही."

"सूर्य मावळेना, चंद्र उगवेना. काय गाव शोधलंत हो!" ती हसली. पण हसू लगेच विरलं.

मी म्हटलं, "आई, आपल्या गावात केव्हाच उगवून गेला. इथं सकाळ होती तेव्हा. शेजारच्या काकूंनी उपास सोडलासुद्धा असेल. तू जेव."

"तो त्यांचा चंद्र. मी इथं बसलेय."

"तुझी साखर उतरलीय. हात बघ."

"बघतेय." मग तिनं एकदम विचारलं, "तुमच्या घरी तरी दिसतो का गं, उन्हाळ्यात?"

आमचं घर तिथून बरंच दक्षिणेला, पण तिथेही जूनमधला चंद्र क्षितिजाला जेमतेम टेकायचा. मी चार उन्हाळ्यांत कधी मान वर करून शोधलाही नव्हता. मी तसं सांगितलं.

आईनं पदरानं कपाळ पुसलं. "मी ओट्यावर उभी राहून अर्घ्य द्यायची ना, तेव्हा वाटायचं, तूही हाच बघत असशील. म्हणून तर उपास चालू ठेवला. शिक्षण तर तुझं कधीच झालं."

भूगोलात मी मध्यरात्रीचा सूर्य पाठ केला होता, पैकीच्या पैकी गुणही मिळवले होते. चंद्राचं काय होतं, ते पुस्तकात नव्हतं. आमच्या गुरुजींचे आणि त्या शाळेचे उपकार मी आजही मानते. पण चंद्राचं मी त्या संध्याकाळी, आईशेजारी बसून शिकले.

नवरा उठला. अस्वलांच्या भीतीनं अन्न तंबूपासून लांब, जाड पत्र्याच्या डब्यात ठेवायचा नियम होता. तो तिकडे जाऊन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि आईनंच केलेले तळणीचे मोदक घेऊन आला. कुणालाही आग्रह न करता त्यानं ते आमच्या मध्ये ठेवलं आणि बाजूला झाला.

आईनं पेल्यात नदीचं पाणी आणायला लावलं. "चंद्र कुठे असेल आत्ता? दिसत नसला तरी?"

त्यानं होकायंत्र काढून एका डोंगराकडे बोट केलं. "त्याच्या मागे. जमिनीखाली."

तिनं त्या दिशेला पाणी सोडलं. पण जेवली नाही. मोदक उचलून माझ्यासमोर धरला.

"तू खा आधी."

"उपास तुझा आहे, आई."

"कुणासाठी आहे? खा."

मी खाल्ला. ती माझं तोंड हलायचं थांबेपर्यंत बघत होती. मग तिनं पोळीचा तुकडा मोडायला घेतला, पण बोटं इतकी कापत होती की तो निसटला. मी तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तिला भरवला. तिनं डोळे मिटून तो सावकाश चावला.

दुसरा घास तिनं स्वतः घेतला.