साळवी सिस्टरांचा चहा

आम्ही जुन्या नर्सा भेटलो की किस्से निघतातच. एकीचा संपेपर्यंत दुसरीला आणखी दोन आठवलेले असतात. माझ्या वाट्याचे सगळे साळवी सिस्टरांचे, आणि त्या सगळ्यांत चहा आहे.

मुळशीतल्या आमच्या दवाखान्यात मी नवीनच लागले होते. नेऱ्याहून बाळंतपणाचं बोलावणं आलं म्हणून सिस्टरांबरोबर गेले. पाहते तर मूल पायाळू. मी घाबरून सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर मात्र मोठ्यानं हसल्या आणि दाराबाहेर बसलेल्या सासूला म्हणाल्या, "आजी, जरा चहा टाका बघू."

काय बिनधास्त बाई आहे, असं मला वाटलं. मूल सुखरूप झालं. परत येताना बैलगाडीत मी पाहिलं तर त्यांचे दोन्ही हात थरथरत होते.

"अगं, सगळं ठीक असलं की मला चहा लागत नाही," त्या म्हणाल्या. "अवघड असलं की मागते. सासू चुलीपाशी गुंतते, आणि तेवढ्यात मला माझं तोंड सरळ करता येतं. रडायचं ते परतीच्या गाडीत. घरात नाही."

चांदे गावची एक म्हातारी तर थेट डॉक्टरांकडे तक्रार घेऊन आली. तिच्या सुनेचं बाळंतपण अगदी सहज झालं होतं. "तुमची बाई आमच्या च्याला शिवली बी न्हाई. शेजारनीकडं मातुर मागून प्याली. आमी काय घान हाय व्हय?"

शेजारणीच्या सुनेनं आम्हाला किती रडवलं होतं, ते आमचं आम्हाला ठाऊक. सिस्टर हात जोडून म्हणाल्या, "आजी, तुमच्या घरचा चहा मला कधीच मागावा लागू नये."

म्हातारी जास्तच भडकली.

हळूहळू गावोगाव उलटाच समज पसरला. नर्सबाईनं चहा मागितला म्हणजे काळजी नाही! हिंजवडीला एकानं चहाचं नाव ऐकलं आणि बाळ व्हायच्या आधीच आळीत गूळ वाटायला निघाला. आत बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा. ते निळं पडलेलं, आवाज नाही. सिस्टर त्याची पाठ चोळत होत्या आणि बाहेरून लोकांचं हसणं ऐकू येत होतं. शेवटी पोर रडलं.

बाप रिकामं ताट घेऊन आत डोकावला. "मला आदीच ठावं व्हतं," तो म्हणाला.

मग माझ्यावर एकटीनं जायची वेळ आली. धनगरांच्या पालावर. बाई अडली होती आणि मला काही सुचेना. सिस्टरांसारखी हसले आणि म्हटलं, "जरा चहा टाका." आवाज इतका कापला, की कळा देणारी बाईच मला धीर द्यायला लागली.

"शेळीचं दूद हाय, बाई. चालंल न्हवं? तुमी बसा वाईच. तुमचं त्वांड पांढरं पडलंय."

मी बसले. माझा चहा उकळायच्या आत ती मोकळी झाली.

एका घरात मात्र चहा तसाच निवून गेला. तो किस्सा आम्ही सांगत नाही.

आता माझा. पहिलं मूल पोटातच गेलेलं, त्यामुळे दुसऱ्या खेपेला मी नऊ महिने जीव मुठीत धरून होते. कळा सुरू झाल्या तशी सासूबाईंनी मला दवाखान्यात आणलं. बाहेरच्या पडवीत चूल होती, तिच्याशेजारी त्या देवाचं नाव घेत बसल्या. मी बाकी कुठं बघतच नव्हते, फक्त सिस्टरांच्या तोंडाकडे.

त्यांनी तपासलं. पुन्हा एकदा तपासलं. हात पुसले, माझ्या गालावरून हात फिरवला आणि मोठ्यानं हसल्या. मग दाराकडे वळून म्हणाल्या, "अहो आजी, जरा चहा टाका बघू."

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. "व्हय व्हय, आलं घालून टाकते," म्हणत त्या लगबगीनं उठल्या.

मी सिस्टरांचा हात धरला.

"सिस्टर," मी म्हटलं, "मलाही अर्धा कप सांगा."