कोंबड्याच्या ताटलीचं वय

काय सांगू, तीस वर्षं मी लोकांच्या चुका छापत आलो. स्वतःची छापली ती एकदाच. पण छापली ती चांगली चार कॉलमी, फोटोसकट!

आमच्या घरी इटलीची एक मातीची ताटली आहे. मधोमध निळा कोंबडा, भोवती हातानं काढलेली फुलं, वर झिलई. माझा मेहुणा वेरूळला गाइड. बावीस वर्षांपूर्वी तो एका इटालियन जोडप्याला आमच्याकडे जेवायला घेऊन आला. दोघं वांग्याचं भरीत खाऊन रडली (तिखटानं हो!) आणि पुढच्या वर्षी येताना ही ताटली घेऊन आली. "आमच्या गावची आहे," बाई म्हणाल्या. ताटली स्वयंपाकघरात गेली आणि मी ती विसरलो.

गेल्या महिन्यात, नवा माल जुना म्हणून पर्यटकांच्या गळ्यात मारणाऱ्यांवर मी बातमी करत होतो. जुनं भांडं कसं ओळखायचं ते इंटरनेटवर वाचत होतो. इटलीच्या शेतकऱ्याघरची जुनी ताटली असेल तर म्हणे तीन खुणा बघा: बुडाची कड झिजलेली, झिलईच्या बारीक भेगांत तपकिरी डाग मुरलेले, आणि वर सुरीचे ओरखडे. मी उठून आमची ताटली आणली. तिन्ही खुणा हजर! भिंग लावलं. तिन्ही खुणा आणखी मोठ्या!

माझ्या डोळ्यांपुढं त्या बाईंचं अख्खं खानदान उभं राहिलं. पणजोबा ताटलीत पाव कापतायत, पणजी वाढतेय... दीडशे वर्षं. एक दिवस कमी नाही!

तरी पत्रकारानं खात्री करावी. गुलमंडीच्या मागं सलीमभाईंचं जुन्या भांड्यांचं दुकान आहे. वय सत्तर, फुटकी कपबशी जोडण्यात हयात गेलेली. त्यांनी ताटली पालथी केली, बुडावरून नख फिरवलं.

"कितनी पुरानी बोल रहे आप?"

"दीडशे वर्षं."

"नक्को साहब. पंचवीस-तीस. त्याच्या वर नाय."

"आणि ही झीज?"

"हौ, झीज हाय. पन एकाच बाजूला. दुसरी बाजू बघा, कोरी करकरीत. आणि हे दोन छेद? दोरी घालून भिंतीवर टांगायचे. टुरिस्टला विकायचा माल हाय हा. तुमच्याकडं वापर मात्र लई झालाय. घर में पूछो."

घर में पूछो! मला! तीस वर्षं ज्यानं भल्याभल्यांना प्रश्न विचारून घाम फोडला, त्याला हा माणूस सांगतो घरी विचार!

माझ्या डोक्यात तिडीक गेली. डाव उघड होता. जुनी वस्तू नवी म्हणायची आणि मातीमोलानं हडपायची. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत मी गरजलो, "सलीमभाई, हा धंदा मी उघडा पाडणार!"

त्यांनी ताटली शांतपणे कागदात गुंडाळली. "छापो साहब. पर संभालके ले जाओ, फुटेल."

त्यांनी ती विकत मागितलीच नव्हती, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. शोधपत्रकारिता म्हणतात ती हीच!

दुसऱ्या दिवशी छापून आलं: 'दीडशे वर्षांचा ठेवा कवडीमोल ठरवण्याचा डाव'. खाली तिन्ही खुणांचे फोटो, बाण दाखवून. नाव दिलं नव्हतं, 'गुलमंडीमागचा एक जुन्या भांड्यांचा दुकानदार' एवढंच. आता तिथं असे दुकानदार किती? एक.

सकाळी चहा घेताना सुषमानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, पेपर उघडला.

"अहो, ही आपली ताटली ना?"

"वाच, वाच."

तिनं वाचलं. चष्मा वर केला. "ही कड इटलीत नाही झिजली. मी सुरी घासते तिच्यावर."

"काय?"

"धार लावायला. बुडाला झिलई नसते ना, खरखरीत असतं. आधी कपावर घासायची, तो फुटला."

"आणि हे तपकिरी डाग?"

"लोणच्याचा मसाला. दर उन्हाळ्यात हिच्यातच कालवते. तेल-हळद भेगांत उतरणारच की."

मी शेवटचा बुरूज लढवला. "आणि हे ओरखडे? तिकडचे शेतकरी पाव कापताना—"

"नीट बघा तरी."

बघितलं. ओरखडे तिरपे होते. एक ओळ इकडून, एक तिकडून, कोंबड्याच्या अंगावर अगदी मापात चौकटी. जगातला कुठला शेतकरी पाव शंकरपाळ्यासारखा कापतो हो?

"खोबऱ्याच्या वड्या," सुषमा म्हणाली. "एकवीस दिवाळ्या. तुम्हीच खाल्ल्यात."

चहा तसाच ठेवून मी दुकान गाठलं. सलीमभाई एकटेच बसले होते. जोडायला दिलेला सासूचा टी-सेट एक बाई सकाळीच परत घेऊन गेल्या होत्या, तसाच, फुटका. पेपर समोर होता.

"चुकलो, सलीमभाई," मी म्हणालो. "तुम्हाला बघताक्षणी कसं कळलं?"

"जोडायला येतात त्यातल्या निम्म्या कपांच्या बुडाला हीच झीज असते. हर घर में." मग माझ्याकडं बघून त्यांनी हळूच विचारलं, "एक पूछूं? ही ताटली तुम्ही कधी धुतली काय?"

तीस वर्षांत मला इतका साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी नकारार्थी मान हलवली. एकदाही नाही!

एरवी आमच्याकडे दिलगिरी आतल्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत येते. मी संपादकांशी भांडून त्याच पानावर, तेवढीच मोठी लावली: 'सलीमभाई बरोबर, मी चूक'. आठवड्यानं टी-सेट दुकानात परत आला.

दिलगिरी एका दिवसात छापून संपली. ताटली घासायचं काम मात्र माझ्याकडं आलं ते आलंच. परवा तिच्या काठाला एक टवका उडालेला दिसला. या वेळी भिंग काढलं नाही, सरळ घरात विचारलं, "सुषमा, हा टवका किती जुना असेल गं?"

"कालचा," ती म्हणाली. "तुमच्याच हातचा."