ताटावर आडवा हात

पोलंडला नोकरी करणाऱ्या लेकीकडं तीन महिने राहायला गेले, तेव्हा मी साठीची नवथर पोरगी होते. तेवढ्यात शेजारच्या देशात लढाई पेटली. बायका, लेकरं, म्हाताऱ्या सीमा ओलांडून यायला लागल्या. बसस्टँडवर त्यांच्या जेवणाची सोय केली होती. लेक म्हणाली, "आई, तिथं वाढायला माणसं कमी पडतायत."

मी लगेच पदर खोचला. गावाकडं, केजात, लग्नाच्या पंगतीच्या पंगती वाढलेली बाई मी! लुगड्यावर तिथल्या स्वयंसेवकांचं पिवळं जाकीट चढवलं आणि झारा हातात घेतला. युद्ध आता आपणच आटोपणार, असा तोरा.

तिसऱ्या दिवशी माझ्याच वयाची एक बाई आली. हातात तिकीट. बस अर्ध्या तासात होती, आणि पुढच्या शहरात तिची लेक वाट बघत उभी होती. मी तिला बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या वाढल्या. संपल्या, पुन्हा वाढल्या. तिनं ताटावर हात आडवा धरला.

आता आमच्याकडं आडवा हात म्हणजे पाहुण्याची भीड. खरंच नको असेल तर माणूस ताटावर ओणवाच होतो. मी बोटं चुकवून वाढलं. टाकायला जिवावर आलं असावं, ती बिचारी खात राहिली. मधूनच घड्याळाकडं बघायची.

"बस कुठं पळून जाती का? खावा निवांत," मी मराठीत बजावलं.

बस पळून गेली. अगदी वेळेवर.

लेक धावत आली. "आई, काय केलंस! दुसरी बस उद्या सकाळी हाय. हिचा फोन बंद, आणि हिची पोरगी तिकडं स्टँडवर!"

"मग माझ्यावरून लाव की!" मी फोन लेकीच्या हातात कोंबला.

फोन लागला. पलीकडून आधी नुसतं रडू आलं. मग ही काहीतरी बोलली, माझ्याकडं बघितलं आणि हसली.

"काय म्हणाली गं?"

लेकीनं तिथं वाढणाऱ्या, त्यांची भाषा येणाऱ्या एका पोरीला विचारलं आणि मला सांगितलं. "म्हणाली, मी सुखरूप आहे, एका म्हातारीच्या तावडीत सापडलेय."

म्हातारी! वर मलाच!

ती रात्रभर आमच्याकडं राहिली. सकाळी तिला पोहोचवायला निघाले, तर लेकीनं दारातच पिशवी काढून घेतली. "निरोप दे. खायला काही देऊ नकोस."

बसच्या दोन तास आधी आम्ही स्टँडवर. बस येईपर्यंत मी तिच्याशेजारी रिकाम्या हातानं बसून राहिले. त्या तीन महिन्यांत इतकं अवघड काम दुसरं केलं नाही.